आशय आपल्यासाठी, अक्षर दुसऱ्यासाठी

जुम्याची नमाज झाली की आम्ही पाच-सहा जण वागळे इस्टेटमधल्या एका टपरीवर थांबतो. नमाज कोणी हाजुरीत पढतो, कोणी आणखी कुठे, पण चहा एकाच ठिकाणी. आमच्यात दोन टर्नर आहेत, एक फिटर, एक निवृत्त शिक्षक आणि एक स्वतःचा लहानसा गाळा चालवणारा. बहुतेकांचे वडील सातारा-सोलापूरकडून इथे आले. एमआयडीसीच्या अगदी सुरुवातीच्या वसाहतींपैकी ही एक. 1960 च्या दशकात येथे भोंगे वाजू लागले आणि गावाकडच्या जमिनीवर न भागणारी माणसे लेथवर उभी राहिली. पुढे मोठ्या कंपन्या एकामागून एक बंद झाल्या, त्यांच्या जागी काचेच्या इमारती आल्या. तरी आतल्या रस्त्यांवर जॉबवर्कचे गाळे अजून आहेत, आणि आमचा मित्र त्यातल्याच एका गाळ्यात वडिलांची जुनी लेथ चालवत होता.

त्याला सीएनसी मशीन घ्यायचे होते. सेकंडहँड, पण चांगल्या अवस्थेतले. बारा लाखांचे कर्ज लागत होते. त्याने आम्हाला विचारले, ‘‘व्याजाचं काय करायचं? अब्बांनी आयुष्यात बँकेचं कर्ज घेतलं नाही.’’

या प्रश्नावर आम्ही सलग तीन शुक्रवार बोललो. आमच्या गुरुजींनी दोन मराठी आणि एक उर्दू भाषांतर पिशवीतून आणले. सूरह बकराची 275 वी आयत काढली. तिथे व्यापार हलाल आणि ‘रिबा’ हराम असे स्पष्ट म्हटले आहे. मग सूरह आले-इम्रानची 130 वी काढली, जिथे दुपटी-चौपटीने वाढत जाणाऱ्या रिबाचा उल्लेख येतो. एकाचे म्हणणे, ही दुसरी आयत पहिलीचा अर्थ सांगते. अरबस्तानात नडलेल्या माणसाची मुदत टळली की मुद्दल वाढवत नेत, त्यात तो बुडे. अल्लाहने मना केला तो हा जुलूम. मशीन घेऊन त्यावर कमावणाऱ्याने बँकेला ठरलेली रक्कम देणे हा जुलूम कसा? दुसऱ्याचे म्हणणे, शब्द सरळ आहे, त्यात ‘एवढे व्याज’ आणि ‘तेवढे व्याज’ असा भेद आपण घालायचा नाही. 1989 मध्ये इजिप्तचे तेव्हाचे मुफ्ती मुहंमद सय्यद तंतावी यांनी बचतीच्या सरकारी प्रमाणपत्रांवरचा परतावा जायज ठरवला, हे गुरुजींना माहीत होते. उलट पाकिस्तानच्या शरीयत न्यायालयाने 1991 मध्ये आणि पुन्हा 2022 मध्ये बँकेचे व्याज रिबाच ठरवले, हेही त्यांनीच सांगितले. शेवटी आमचे बहुमत आशयाच्या बाजूने झुकले. रिबा म्हणजे शोषण, आणि हे कर्ज शोषण नव्हे. मित्राच्या मनावरचे ओझे उतरले. आम्हालाही बरे वाटले. धर्मग्रंथ समोर ठेवून, भांडण न करता, विचारपूर्वक काही ठरवल्याचे समाधान होते.

बँकेला तारण हवे होते. किसननगरची खोली वडिलांच्या नावावर होती. वडील वारलेले, आई त्यांच्याही आधी गेलेली. वारस दोन, आमचा मित्र आणि त्याची थोरली बहीण, जिला आम्ही सगळेच आपा म्हणतो. खोली एकट्याच्या नावावर झाल्याशिवाय कागद पुढे सरकणार नव्हता. तेव्हा हक्कसोडपत्र तयार झाले. आपा मुंब्र्याहून आल्या, दुय्यम निबंधकाच्या कचेरीत बसल्या, अंगठ्याचा ठसा आणि सही दिली, आणि परत गेल्या. साक्षीदार म्हणून आमच्यापैकी दोघांच्या सह्या आहेत. त्या कामाला एक सकाळ लागली. त्या सकाळी कोणी कुरआन उघडला नाही.

ईदला आम्ही आपांकडे शीरखुर्म्याला गेलो. मशीन आल्याचे, व्याजाच्या चर्चेचे सगळे वर्णन त्यांना सांगितले. त्या ऐकत होत्या. मग भावाकडे न बघता आम्हालाच म्हणाल्या, ‘‘पोराला दोन, पोरीला एक, असं लिहिलंय ना? लहानपणापासून ऐकतेय. दोन त्याचे, मला मंजूर आहेत. माझा एक कुठाय?’’

कोणाला उत्तर आले नाही. मित्र म्हणाला, ‘‘आपा, तूच सही केलीस.’’ त्या म्हणाल्या, ‘‘सही न करून कुठं जाणार होते?’’

त्या दिवसापासून हा लेख आमच्या डोक्यात आहे. धर्मग्रंथाचा शब्द पाळावा की त्यामागचा हेतू, हा जगभरच्या धर्मांत शतकानुशतके चाललेला वाद. आमच्या वर्तुळात तो बहुधा अशा पद्धतीने मांडला जातो की शब्दाला चिकटणारे ते कर्मठ आणि आशय शोधणारे ते पुरोगामी. आम्ही स्वतःला दुसऱ्या गटात धरत आलो. आपांच्या प्रश्नाने ही मांडणी मोडली. कारण त्या अक्षरच मागत होत्या. आणि ज्यांनी तीन शुक्रवार आशय शोधला, त्यांच्यातल्याच दोघांनी ते अक्षर बुडवायला साक्षीदार म्हणून सही केली.

खोलीची किंमत चोवीस लाख धरली तर हिशेब अवघड नाही. सोळा भावाचे, आठ बहिणीचे. सूरह अन-निसाची 11 वी आयत वाटे मोजून देते. सातवी तर त्याहून कडक आहे. आईबापांनी मागे ठेवलेल्या मालमत्तेत पुरुषांचा वाटा आहे तसाच स्त्रियांचाही आहे, मालमत्ता थोडी असो की फार, आणि तो ठरवून दिलेला वाटा आहे. तेराव्या-चौदाव्या आयतीत या वाटपाला अल्लाहने आखलेल्या हद्दी म्हटले आहे. कुरआनात नमाजेच्या रकातींची संख्या दिलेली नाही, जकातीचा दर दिलेला नाही. वारशाचे अपूर्णांक मात्र दिले आहेत: अर्धा, पाव, आठवा, दोन तृतीयांश, एक तृतीयांश, सहावा. आमच्यातला म्हातारा टर्नर म्हणाला ते बरोबर आहे: ‘‘ड्रॉइंगवर माप लिहिलेलं नसेल तर पार्ट कुठं बसणार ते विचारतो. इथं तर माप लिहिलंय.’’

आता कोणी म्हणेल, फिकहमध्ये वारसाने आपसांतल्या तडजोडीने बाहेर पडण्याची सोय आहे. आहे, तिला ‘तखारुज’ म्हणतात, आणि तिची कल्पनाच अशी की जाणारा काही घेऊन जातो. आपांनी काय घेतले? ‘‘लग्नात खर्च केला होता,’’ असे मित्र म्हणतो. तो खर्च वडिलांनी हयातीत, स्वतःच्या खुशीने केला. वारसा त्यांच्या मृत्यूनंतर सुरू होतो. आणि राजीखुशीचे म्हणाल तर महाराष्ट्रातल्या कुठल्याही जातीधर्माच्या बाईला विचारा. वाटा मागितला की माहेर तुटते. सणाला हाक येत नाही, पोरीच्या लग्नात मामा उभा राहत नाही. त्या भीतीपोटी दिलेली संमती कागदावर संमतीच दिसते.

कुरआनच्या वाचनाचा प्रश्न कुरआनातच उपस्थित झाला आहे. आले-इम्रानची सातवी आयत सांगते की काही आयती ‘मुहकम’ आहेत, म्हणजे पक्क्या, ग्रंथाचा पाया असलेल्या, आणि काही ‘मुतशाबिह’, म्हणजे ज्यांचे अर्थ अनेक दिशांना जातात. मनात वाकडेपणा असलेले लोक दुसऱ्या प्रकारच्या आयतींमागे लागतात, असेही तिथे आहे. मग येते ते प्रसिद्ध वाक्य. यांचा खरा अर्थ अल्लाहखेरीज कोणी जाणत नाही, असे म्हणून थांबायचे, की ‘अल्लाह आणि ज्ञानात मुरलेले लोक’ असे सलग वाचायचे? आपल्याकडे छापलेल्या प्रतींत ‘अल्लाह’ या शब्दावर थांबण्याची ‘मीम’ची खूण असते. पण मुजाहिदसारख्या फार जुन्या भाष्यकाराने सलग वाचनाचा पक्ष घेतल्याचे तफसीरकार नोंदवतात. श्वास कुठे घ्यायचा यावर माणसाच्या बुद्धीला किती जागा आहे हे ठरते. अरबीच्या उस्तादांकडे लहानपणी आम्ही ही खूण पाठ केली. ती कशासाठी आहे हे कोणी सांगितले नाही, आम्हीही विचारले नाही.

प्रेषित मुहंमद (स.) यांच्या हयातीतलीच एक घटना बुखारीत आहे. खंदकाच्या लढाईनंतर त्यांनी साथीदारांना सांगितले की असरची नमाज बनू कुरैझाच्या वस्तीत पोहोचूनच पढा. वाटेत वेळ टळू लागली. काहींनी शब्द धरला आणि तिथे पोहोचेपर्यंत नमाज पढली नाही. काहींनी हेतू धरला, की त्यांना फक्त ‘लवकर चला’ असे म्हणायचे होते, आणि वाटेतच पढली. नंतर हे कानावर गेले तेव्हा प्रेषितांनी कोणालाच दोष दिला नाही. पुढे कॉर्डोव्हाचे इब्न हज्म, अक्षरवाद्यांचे सर्वांत धारदार लेखक, म्हणाले की मी तिथे असतो तर मध्यरात्र उलटली तरी पोहोचूनच पढलो असतो. त्यांच्या हट्टाचे हसू येते, पण त्यात एक सच्चेपणा आहे: त्या हट्टाची तोशीस त्यांना स्वतःलाच लागणार होती.

दुसऱ्या बाजूचे उदाहरण खलिफा उमर यांचे. चोरीला हात तोडण्याची शिक्षा कुरआनात आहे. हिजरी 18 च्या दुष्काळात उमर यांनी ती थांबवली. भुकेने चोरलेल्याला हे लागू नाही, असे त्यांनी धरले. अक्षर बाजूला ठेवून आशयाकडे जाणारे हे पाऊल आमचे सगळे सुधारक उद्धृत करतात, आम्हीही करतो. पण त्यातले एक सहसा सांगत नाही. उमर यांनी अक्षर सैल केले ते दुसऱ्यासाठी, तेही उपाशी माणसासाठी. आम्ही सैल केले ते आमच्या मित्राच्या हप्त्यासाठी आणि नंतर त्याच्या तारणासाठी.

वारशाच्या बाबतीत आमच्यासारखे वागणारे काही आजचे नाहीत. 1847 मध्ये मुंबईच्या सुप्रीम कोर्टापुढे खोजा समाजातल्या मुलींनी बापाच्या मालमत्तेत हिस्सा मागितला. त्यांचा आधार कुरआन होता. विरुद्ध पक्षानेही स्वतःला मुसलमान म्हटले, पण बचाव असा घेतला की आमच्या बिरादरीच्या रिवाजात मुलीला वाटा नाही. न्यायमूर्ती सर अर्स्किन पेरी यांनी रिवाज ग्राह्य धरला आणि मुली हरल्या. कुरआनचे अक्षर हातात घेऊन बाया इंग्रजी कोर्टात उभ्या, आणि पुरुष म्हणताहेत, आमच्यात तसे चालत नाही! पुढे 1937 चा शरीयत कायदा आला तो असे रिवाज हटवण्यासाठी. मुलीचा कुरआनी वाटा त्याने कायद्यात आणला. पण त्यातून शेतजमीन वगळली गेली. जमीन प्रांतांच्या अखत्यारीत होती, हे त्याचे कायदेशीर कारण. आमच्या बापजाद्यांकडे सोलापूर-साताऱ्यात दुसरे होते काय?

याच्या उलट बाजू तलाकची. एका बैठकीत तीनदा उच्चारून संसार मोडण्याची रीत कुरआनात कुठे आहे? सूरह बकराची 229 वी आयत दोन वेळांचे, मधे थांबण्याचे बोलते. अन-निसाची 35 वी दोन्हीकडचे मध्यस्थ नेमायला सांगते. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने 2 मे 2002 रोजी दगडू पठाण प्रकरणात, पूर्णपीठाने, हेच धरले. नुसते ‘तलाक दिला’ म्हणून चालणार नाही, कारण आणि समेटाचा प्रयत्न सिद्ध करावा लागेल. सर्वोच्च न्यायालयाने तिहेरी तलाक अवैध ठरवला तो पुढे 22 ऑगस्ट 2017 रोजी. मधल्या पंधरा वर्षांत आमच्या वस्त्यांतून ‘धर्मात हात घालू नका’ असे ज्यांनी म्हटले, त्यांच्यापैकी किती जणांनी बहिणीला एक तृतीयांश दिला होता? जे ग्रंथात नाही ते अक्षर म्हणून जपले, जे अपूर्णांकांत लिहिले आहे ते रिवाज म्हणून सोडले.

दुसऱ्याच्या ग्रंथाचे अक्षर पकडण्यात मात्र माणूस नेहमीच उत्साही. संत एकनाथांचा हिंदू-तुर्क संवाद मराठीत सोळाव्या शतकापासून आहे. तुर्क पुराणकथा शब्दशः घेतो आणि देवांच्या वर्तनावरून हिंदूची टर उडवतो; हिंदू उलटून विचारतो, देव सगळीकडे आहे तर एकाच दिशेला तोंड का, आणि मोठ्याने हाक का मारता? दोघेही दुसऱ्याच्या धर्मातले अक्षर पकडतात, स्वतःच्या धर्मातला आशय सांगतात. शेवटी नाथ त्यांची गळाभेट घालून देतात. कॉलेजात असताना आम्हाला तो शेवट फार आवडायचा. आता वाटते, त्या दोघांच्या बहिणी त्या संवादात नाहीत.

इथे एक आक्षेप आहे आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. 1936 साली डॉ. आंबेडकरांनी ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये बजावले की शास्त्रांचा अर्थ व्याकरणाने फिरवून काही साधणार नाही, लोक ती कशी समजतात आणि कशी पाळतात हे महत्त्वाचे, तेव्हा त्यांचे प्रामाण्यच नाकारा. गांधीजींनी ‘हरिजन’मध्ये उत्तर दिले की शास्त्रांचा अर्थ संतांच्या जगण्यातून लावायचा. मुस्लिम महाराष्ट्रात तोच वाद पुन्हा झाला. चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई 18 एप्रिल 1966 रोजी सात स्त्रियांना घेऊन मुंबईच्या विधानभवनावर गेले. 22 मार्च 1970 रोजी पुण्यात त्यांनी मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले. आयतींचा सोयीस्कर अर्थ लावत बसणे त्यांना मान्य नव्हते. समान नागरी कायदा हवा, कुरआन काय म्हणतो हा ज्याचा त्याचा प्रश्न. असगर अली इंजिनीयर यांनी दुसरी वाट धरली. पेशाने खरोखरच सिव्हिल इंजिनीयर असलेले हे गृहस्थ अनेक वर्षे मुंबई महापालिकेत नोकरी करून पुढे आयुष्यभर सांगत राहिले की स्त्रीचे हक्क कुरआनातूनच निघतात, न्याय हा त्याचा मुहकम भाग आहे.

आमच्यापैकी बहुतेकांना इंजिनीयरांची वाट जवळची वाटते, कारण आपांशी त्या वाटेने बोलता येते. दलवाईंचे पुस्तक आपांच्या हातात देऊन आम्ही काय सांगणार, की तुम्ही ज्या आयतीच्या जोरावर मागता ती सोडा आणि मग मागा? पण दलवाईंच्या आक्षेपाचे आमच्याकडे उत्तर आहे असेही नाही. अर्थ लावण्याचा अधिकार ज्याच्या हाती, तो स्वतःच्या फायद्याचा अर्थ लावणार, हे त्यांनी ओळखले होते. आमच्या तीन शुक्रवारांत एकही बाई नव्हती.

आपांची मुलगी ठाण्यात बीएडला आहे. ती त्या ईदच्या दिवशी ताट उचलता उचलता म्हणाली, ‘‘मामू, अम्मी एक मागतेय. मी असते तर निम्मं मागितलं असतं.’’ गुरुजींनी तिला ट्युनिशियाचे सांगितले. 2018 मध्ये राष्ट्राध्यक्ष असेब्सी यांनी मुलामुलींना समान वारसा देणारा कायदा पुढे आणला होता, तो मंजूर झाला नाही. तेथील समर्थक म्हणत की पुरुषाला दोन वाटे मिळाले ते घरखर्चाची जबाबदारी त्याच्यावर होती म्हणून. आता बाईही घर चालवते, तेव्हा आशय समान वाट्याकडे नेतो. आपांनी धुणीभांडी करून मुलीला शिकवले आहे, त्यामुळे हा युक्तिवाद त्या घरात पुस्तकी राहत नाही. तरी आमच्यात यावर एकमत नाही. टर्नर चाचा म्हणतात, लिहिलेले माप बदलायचे नाही. फिटर म्हणतो, व्याजाचे माप तुम्हीच बदललेत, चाचा. चाचांनी त्यावर चहाचे पैसे दिले आणि विषय बदलला.

आमचे म्हणणे एवढेच आहे की हा वाद करण्याचा आमचा हक्क सध्या गहाण आहे. ज्याने लिहिलेला एकही दिला नाही, त्याने ‘निम्मं का नको’ यावर आयती काढून बसू नये. ना बाजूने, ना विरोधात.

सह्या करणारे आम्ही दोघे गेल्या महिन्यात मित्राच्या गाळ्यावर गेलो. मशीन चालू होते, कूलंट उडत होते, पंचवीस मिलिमीटरच्या पिनांचा ढीग पडला होता. आठ लाखांचे बोललो. तो चिडला नाही. म्हणाला, हप्ते फिटू देत, मग बघतो. आम्ही म्हटले, निदान कागदावर लिहून दे. कर्ज असेल तर लिहून ठेवा, हे बकराच्या 282 व्या आयतीत आहे, आणि ती कुरआनातली सर्वांत लांब आयत आहे. तो हसला. ‘‘तुम्ही लोक ज्याला त्याला आयत शोधता,’’ म्हणाला. आम्ही कोरा कागद आणला होता, तो त्याच्या टेबलावर व्हर्नियरखाली ठेवून आलो.

आपांना फोन करून हे कळवले. त्यांनी विचारले, तुम्ही जुम्यानंतर बसता ती टपरी नेमकी कुठे? बाविस नंबर सर्कलकडून यायचे की पासपोर्ट ऑफिसकडून? येत्या शुक्रवारी त्यांना सुट्टी आहे.